इंग्रजीत भांडून दाखवा

ठोंबरे सरांकडे कुणी गेलं की दोन कप चहा व्हायचा आणि दोन्ही कप सरच प्यायचे. आधी स्वतःचा, मग पाहुण्याचा. मग मिशा पुसत ते समोरच्याकडे टक लावून बघत. समोरचा बिचारा खाली मान घालून बसे. सर हळहळत, "नापास!"

ही त्यांची इंग्रजीची परीक्षा होती.

बालाघाटच्या कॉलेजात सरांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावरही पुढच्या शिक्षणाच्या मुलाखतीला निघालेली बी.ए., एम.ए.ची पोरं आधी त्यांच्याकडे जाऊन स्वतःला तपासून घेत. सर व्याकरण विचारत नसत, निबंध लिहायला सांगत नसत. त्यांचं एकच म्हणणं, "पाठ तं पोपटही करते. ज्याले भांडता आलं, त्याले भाषा आली. हं, भांड माह्यासंग. इंग्रजीत!"

आता आमच्याकडे पोरं गुरूसमोर खुर्चीवर टेकायला कचरतात, तिथं भांडणार काय कपाळ! वारासिवनीच्या एका राईस मिलवाल्याचा मुलगा मात्र तयारीनं आला होता. आधी सरांच्या पाया पडला, मग हात जोडून म्हणाला, "रिस्पेक्टेड सर, यू आर काइंडली अ डाँकी."

"अर्ज चांगला हाये," सर म्हणाले. "मंजूर करतो. आता भांड."

सर स्वतःचाही सराव मोडू देत नसत. एकदा किरनापूरच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरशी जागेवरून इंग्रजीत कडाकडा वाद घातला. कंडक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो गया, बाबूजी? अब थोड़ा सरक के बैठो." सर सरकून बसले. पुढे कित्येक दिवस भेटेल त्याला कौतुकानं सांगत होते, "हारलो ना बाप्पा! त्याले त्याची भाषा येते."

सरांचा एक स्क्रू ढिला आहे, असं गाव म्हणे. मलाही तसंच वाटायचं.

मी अर्थशास्त्रात एम.ए. केलं होतं. आमच्या वस्तीतली मी पहिलीच. जबलपूरला संशोधनाच्या शिष्यवृत्तीची मुलाखत होती, सगळी इंग्रजीतून. बाबा मिलमध्ये पोती वाहत. शिष्यवृत्ती हुकली तर माझं शिक्षण तिथंच थांबणार होतं. पुस्तकातलं सगळं येत होतं, पण चार लोकांत इंग्रजी बोलायची वेळ आली की मी दुसऱ्याला पुढे करायची. बाबाच मला सरांकडे घेऊन गेले. "सर, पोरीची इंग्रजी पाहा नं जरा."

सरांनी माझा चहा प्यायला. मी खाली मान घातली. मग रोज जाऊ लागले आणि रोज तेच.

"काहून वं, राग नाही येत काय तुले?"

"येते, सर."

"मंग?"

"तुमच्यावर कसा काढू?"

"नापास!"

घरी येऊन मी भिंतीशी इंग्रजीत भांडायची. भिंतीसमोर छान जमायचं.

संध्याकाळी जबलपूरची गाडी पकडायची होती, त्या सकाळी मी शेवटचा प्रयत्न करून बघायला गेले. दार नुसतं लोटलेलं. सर खाटेवर मुटकुळं करून पडलेले, अंग तापानं फणफणलेलं. स्टोव्ह थंडगार. उशाशी औषधाची बाटली, बूचही न काढलेली.

"काल जेवलात?"

सरांनी मान हलवली. नाही.

"परवा?"

सर छताकडे बघू लागले.

माझं टाळकंच सटकलं. त्या घरात भांडायचं ते इंग्रजीत, हे डोक्यात इतकं बसलं होतं की तोंडून सगळी इंग्रजीच सुटली. औषध काय शोभेला आणलंय? शेजारी एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं? कुक्कुलं बाळ आहात का? दाराआड मरून पडला असतात तर कुणाला कळलं असतं? मी औषध पाजलं, तांदूळ धुतले, भात चढवला आणि तोंडाचा पट्टा चालूच ठेवला. व्याकरण कुठं पडलं, कुठं उठलं, कोण जाणे.

भात शिजला तेव्हा भानावर आले. सर भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चुकलं सर, माफ करा," मी घाबरून मराठीवर आले.

"थांबू नोको वं पोरी," सर म्हणाले. "तुही काकू गेल्यापासून या घरात माह्यावर कोणी चिडलंच नाही. सारे येतेत, पाया पडतेत अन् चालले जातेत."

दुसऱ्या दिवशी जबलपूरला मोठमोठे विद्वान समोर बसले होते. त्यांनी विचारलं, मी बोलले. एका मुद्द्यावर तर चक्क वाद घातला. शिष्यवृत्ती मिळाली, पुढे मीही शिकवू लागले. आज जे चार शब्द कुणापुढे ताठ मानेनं बोलते, ते सरांचं देणं आहे. ते फिटायचं नाही, आणि मला फेडायचंही नाही.

पण त्या सकाळी मुलाखत माझ्या डोक्यातून पार गेली होती. मी ताटात गरम भात वाढला, ते सरांपुढे ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून इंग्रजीत ओरडले, "बघत काय बसलात? जेवा आधी!"

सर मुकाट्यानं जेवू लागले.