नेढ्यापुरता उजेड

"घर म्हणजे उजेडाला राहायला दिलेली जागा!" असे गहिनीनाथांनी बीडच्या भर पेठेत, आपल्या सात हात रुंद आणि पंधरा हात लांब जागेवर उभे राहून जाहीर केले. जाहीर करताना उजवा हात उंचावला, तो गोधडीसकट. जुन्या घराच्या अंधारात सारजाबाईंनी नवऱ्याची बाही गोधडीलाच शिवली होती.

"मला म्हाल नगं," सारजाबाई दोरा उसवत म्हणाल्या. "सुईचं नेढं दिसंल येवढा उजेड द्या. डोळे चाललेत माजे."

गहिनीनाथांनी नकाशात तीन खिडक्या आणि वर माळवदाच्या छताला एक झरोका काढला. बोळाच्या अंगाला दार होतेच. नकाशा कचेरीत गेला. तिथल्या अर्जात प्रत्येक खिडकीपुढे रकाना होता: 'यातून काय दिसते?'

पूर्वेच्या शेजाऱ्याने, म्हाळूने, हरकत घेतली. "सूर्य आदी माज्या अंगणात येतो. ह्यो माजा उजेड वढणार!" हरकत रास्त ठरली.

दक्षिणेच्या खिडकीला सरकारने काहीच म्हटले नाही. ती गहिनीनाथांच्या थोरल्या बहिणीने, वच्छलाबाईंनी बुजवली. "यम कुटून येतो, ठावं हाय का?"

उत्तरेला कचेरीची मागची बाजू होती.

"हितून काय दिसतं?" अर्ज तपासणाऱ्या पेशकारांनी विचारले.

"तुमीच, सायब. दुपारचे. घोरताना."

"सरकारी गुपित हाय हे, बे! नामंजूर!"

उरला झरोका. पेशकार म्हणाले, "माळवदाला भोक म्हंजी घर अर्धवट. अर्धवट घरात ऱ्हाणं कायद्यात बसत न्हाई."

"मग उजेड यावा कुटून?"

"तो रकाना अर्जात न्हाई."

घर झाले. पेशकार भर दुपारी पाहणीला आले, दोनदा खांबावर आपटले आणि शेरा लिहिला: 'आत एकही दोष नजरेस पडला नाही.' दोष नसलेले घर जिल्ह्यात हे एकच, म्हणून दारावर पाटी लागली: 'उजेडाचे नमुनेदार घर'. पालीहून, धारूरहून माणसे बैलगाड्या जुंपून आली. दारात दाटी करून, आत डोकावून "लई मोकळं हाय!" म्हणत माना डोलवू लागली. गहिनीनाथही पाटीखाली उभे राहून सगळ्यांचे रामराम घेऊ लागले.

तुम्हीही आता वाकून बघतच आहात. आतून सारजाबाईंचा आवाज येतोय:

"भाऊ, जरा दारातनं बाजूला सरता का? दोरा ववायचाय."