उल्मसची पहिली तक्रार

"झोप लागली का रे नीट?" रानोओपाने भाकरी मोडता मोडता विचारलं.

एरवी उल्मस "हो ओपा, फार छान" म्हणायचा. आज त्याच्या तोंडून निसटलं, "लागली. फक्त पहाटे ते शेजारचं गाढव जरा ओरडतं."

दस्तरखानाच्या चादरीवरचे सगळे हात थांबले.

बायसून गावच्या या तालमीत कोणी कोणाच्या रक्ताचं नव्हतं. कोणाला बापाने हाकललेलं, कोणाला नशिबाने. वस्ताद रानोओपाने, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताईने, त्यांना पोटाशी धरलेलं. माया दाखवायची त्यांची पद्धत एकच, समोरच्याला उचलून आपटणं. उल्मस बुखाऱ्याचा शिंपी. कुस्तीची जाकिटं शिवायला नुकताच आलेला. धक्का लागला तर दाराचीही माफी मागेल असा. त्याला आपटायचं कसं? आणि तो तर कधी काही मागतही नव्हता. एवढ्या मायेचं करायचं काय, हा तालमीपुढे मोठाच प्रश्न होता. आज तो सुटला.

"गाढव," नोर्मत पैलवान हळूच म्हणाला. पुलावाचं नाव घ्यावं तसं.

उल्मस दोरा आणायला बाजारात गेला. दुपार कलल्यावर परतला, तर कुस्तीच्या गादीवर मधोमध गाढव उभं आणि नोर्मत लंगडत त्याच्याभोवती फिरतोय.

"लाथ मारली पठ्ठ्याने," नोर्मत कौतुकाने म्हणाला. "पण मी पट काढला. हसन-हुसनने मागून उचललं. भिंत बुटकीच आहे."

"नोर्मतअका, ही चोरी झाली!"

"चोरी कसली? दिवसाढवळ्या आणलंय."

"आत्ताच्या आत्ता सोडून या. हात जोडतो."

हसन-हुसन या जुळ्यांनी गाढवाला फाटकाकडे रेटलं. पण खांद्यावरून आलेलं जनावर पायी जायला तयार होईना. चारी पाय रोवून उभं राहिलं.

"तोल बघा याचा!" हुसन म्हणाला. "ओपा, रविवारी लग्नातल्या कुस्त्यांच्या दंगलीत यालाच उतरवू."

गाढवाने चिडून उल्मसच्या जाकिटांच्या ढिगात तोंड घातलं आणि एक बाही फस्त केली.

तेवढ्यात फाटक धडधडलं. शेजारचा तुर्दीअका दोन भावांना घेऊन आत घुसला. हातात फावडं.

"माझं गाढव कुठंय?"

तालमीत ईद उजाडली. रानोओपाने बाह्या सारल्या. "आमच्या पोराची झोप मोडतोस?"

"गाढव काय मला विचारून ओरडतं?"

नोर्मतने एका भावाचा कमरपट्टा धरलासुद्धा.  आई गेल्यापासून झोपेची चौकशी करणारं माणूस उल्मसला याच घरात भेटलं होतं. आता यात कोणाचं डोकं फुटलं, तर ते आपल्यामुळे.

"खाली बसा! सगळे!"

कोण ओरडलं म्हणून उल्मसनेच आधी मागे वळून पाहिलं. तोवर सगळे बसले होते. तुर्दीअकासुद्धा, फावडं मांडीवर घेऊन.

उल्मसने चहा ओतला. पाहुण्याला रीतीप्रमाणे, मानाने, अर्धाच पेला. "चूक माझी, अका. तक्रार मी केली. गाढव मी पोचवतो."

तुर्दीअकाने चहाचा घोट घेतला. मग पुटपुटला, "एवढी घाई नाही."

"आँ?"

"मेलेल्या सासऱ्याचं आहे. विकलं तर बायको माहेरी जाईल. आज कित्येक वर्षांनी दुपारी डुलकी लागली. उठलो तेव्हा कळलं, गाढव नाही."

"मग भांडायला कशाला आलास?" रानोओपाने विचारलं.

"बायको भिंतीवरून बघतेय." त्याने फावडं उगारलं आणि भिंतीकडे तोंड करून गरजला, "एकेकाला बघून घेईन!" मग उल्मसकडे झुकून म्हणाला, "माझ्या पलीकडे मेहुणा राहतो. रोज पहाटे कर्णा फुंकतो मेला. तुलाही त्रास होत असेल ना? जरा मोठ्याने सांग की."

नोर्मत आणि जुळे श्वास रोखून उल्मसच्या तोंडाकडे बघत होते.

उल्मसने चहा शांतपणे संपवला.

"तुमचे मेहुणे," त्याने अदबीने विचारलं, "वजनाला कसे आहेत?"