सोंगं ओळखणारे गायधनीकाका

आमच्या शेजारचे गायधनीकाका माणसाला नावाने हाक मारत नसत, त्याच्या सोंगाने मारत. सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढताना दिसले की हे वरच्या कठड्यावरून ओरडणार, "आले का बुंगोल-बुंगोल!" तळमजल्यावरच्या काकू आपला कचरा पायाने शेजारच्या दारापुढे सरकवून आभाळाकडे बघत उभ्या राहत, त्या 'बुता-बुता'. मला काय म्हणत ते नंतर सांगते, कारण तो विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं.

ही कुठली भाषा, असं विचारायची चूक नवं बिऱ्हाड हमखास करायचं. मग गेला त्यांचा अर्धा तास. काका बोटीवर होते. बोटीवर म्हणजे कॅप्टनबिप्टन नव्हेत, तळाशी इंजिनरूममध्ये. सोबतचे लोक फिलिपिन्सकडचे, सेबू बेटावरचे. "त्यांची भाषा सेबुआनो. काय भाषा आहे राव! सोंगाला शब्दच शब्द. बुंगोल म्हणजे बहिरा. बुंगोल-बुंगोल म्हणजे बहिरेपणाचं सोंग घेणारा. बुता आंधळा, आणि बुता-बुता डोळ्यांवर कातडं ओढणारा!"

मी एकदा म्हटलं, "काका, आपल्याकडे काय कमी आहे? सोंग आहे, ढोंग आहे, आव आहे, बतावणी आहे. नाटकं तर घरोघरी चालू आहेत."

"आपले शब्द गुळगुळीत झालेत सूनबाई. सेक्रेटरीला ढोंगी म्हणा, तो हसेल. बुंगोल-बुंगोल म्हणा, त्याला रात्रभर झोप यायची नाही."

हे मात्र खरं होतं. पाण्याची टाकी धुवायचं कुणी काढलं की सेक्रेटरींना नेमकं ऐकू येईनासं व्हायचं, आणि काकांनी ते भर मीटिंगमध्ये सगळ्यांना दोनदा समजावून सांगितलं होतं. दिंडोरीकडच्या आपल्या साडूच्या बागेतली द्राक्षं एक्सपोर्टची म्हणून सेक्रेटरी आम्हाला विकायचे. काकांनी एक मणी तोंडात टाकला, कठड्यावरून थुंकला आणि म्हणाले, "हाम्बुगेरो!" त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

पण स्वतः हे गृहस्थ कसे होते ते ऐका. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. इतकं की मी पदर सारखा करायचे. आपण पाठमोरे असलो तर खांदा धरून फिरवायचे आणि मग म्हणायचे, "हां, बोला." कुणी विनोद केला की सगळ्यांचं हसून झाल्यावर यांचं हसू सुरू व्हायचं, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. दाराची बेल काढून टाकलेली, दार सताड उघडं. का, तर "मी काय चोर आहे दार लावून बसायला?" कुकरला शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या, भाताचा करपलेला वास आमच्या घरात यायचा, आणि हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. मी जाऊन गॅस बंद केला तर म्हणतात, "बोटीवर भात असाच खातात." खा बापडे! मला वाटायचं, एवढा आडमुठा म्हातारा अख्ख्या नाशकात दुसरा नसेल.

आता माझं नाव. माझ्या नणंदेला बघायला सिन्नरची मंडळी आली होती. सासूबाईंनी शेजारधर्म म्हणून काकांनाही बसवलेलं. नणंद पोह्यांच्या बशा घेऊन आली. सासूबाई म्हणाल्या, "पोहे हिनेच केलेत हो." आता हे वाक्य काही खोटं बोलण्यात मोडत नाही. नारळावर कुंकू लावतात तसं ते पोह्यांवर लावायचं असतं. मुलाच्या आईनेही ते आपल्या वेळी ऐकवलेलं असतं. पण काका सासूबाईंच्या तोंडाकडे टक लावून बसलेले. बशी खाली ठेवून गरजले, "पाकाआरोन-इंगनोन!"

पाहुणे दचकले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणजे लोकांनी तसं म्हणावं म्हणून केलेलं," काका समजावू लागले. "पोहे या सूनबाईंनी केलेत. सकाळी मीठ बरोबर आहे का म्हणून मलाच चाखायला दिले होते!"

धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मुलगा हसला म्हणून निभावलं, लग्नही झालं. पण तेव्हापासून मी जिन्यात दिसले की काका हाक मारायचे, "काय पाकाआरोन-इंगनोन, भाजी आणली का?" भाजीवाल्यांनाही पाठ झालं ते. मी काकांशी बोलणं टाकलं.

टाकलं म्हणजे टाकता आलं नाही, कारण फोन. तो काळ नव्वदच्या दशकातला. आमच्या मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे, आणि सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर आमचाच नंबर, पुढे कंसात पी. पी. दर रविवारी सकाळी काकांची मुलगी नीता नागपूरहून फोन करायची. त्या दिवशी एसटीडीचा दर कमी. आमच्या घरी मिसळीचा बेत, कट उकळत असायचा, आणि हे तासभर आधीपासून कडक इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या सोफ्यावर बसलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी एकुलती एक. त्यांना एकच धास्ती होती आणि ती ते सगळ्या बिल्डिंगला ऐकवत. "नीता टपलीय. मला जरा काही झालं की गाठोडं बांधून नागपूरला नेईल. मी इथून हलणार नाही. हे घर मी बोटीत घाम गाळून घेतलंय. एक एक खिडकी तिच्या आईने उभं राहून बसवून घेतलीय."

फोन वाजला की मी उचलायचे, "हं, देते," म्हणायचे आणि रिसीव्हर त्यांच्या हातात द्यायचे. मग जे सुरू व्हायचं ते बघवत नसे. माणूस फोनवर बोलतो तेव्हा मधेमधे थांबतो, हं म्हणतो, काय गं म्हणतो. हे थांबायचेच नाहीत. "मी ठणठणीत आहे, रोज पांडवलेणीपर्यंत जातो, मटार स्वस्त झाला, थंडी कडाक्याची आहे, सेक्रेटरी मेला तसाच आहे, मला न्यायला येऊ नकोस," असं एका दमात, पट्टी टिपेची. रस्त्यावरची माणसं वर बघायची.

मला संशय आला. माझ्या मते नीता दोन मिनिटांत कंटाळून फोन ठेवत असणार, आणि हा म्हातारा रिकाम्या फोनशी बोलत बसत असणार. लोकांनी म्हणावं म्हणून, मुलगी किती बोलते बापाशी! बरा सापडला, म्हटलं. जगाची सोंगं चव्हाट्यावर मांडतोस, आज तुझं मांडते. आमच्या आतल्या खोलीत पॅरलल फोन होता. पुढच्या रविवारी काका बोलू लागले तशी मी आत गेले आणि तो हळूच उचलला.

नीता होती.

"बाबा, ऐका ना," ती म्हणत होती. "मी नाही नेणार तुम्हाला. तिथेच राहा. घाबरू नका."

"मटार स्वस्त झालाय!" काका बाहेरून आणि फोनमधून एकदमच ओरडले. "मला न्यायला येऊ नकोस, सांगून ठेवतो!"

"नाही येणार बाबा. शप्पथ."

"मी अजिबात येणार नाही!"

मला काही सुधरेना. माझा श्वास ऐकू गेला असावा. नीता म्हणाली, "वहिनी, तुम्ही का? ठेवू नका. तुम्ही बोललात तरी त्यांना कळणार नाही. त्यांना ऐकू येत नाही. इंजिनरूमने कान कधीच खाल्ले होते, आता पारच गेले. ओठ बघून समजतं तेवढंच. फोनला कुठे ओठ असतात?"

"मग तू सांगत का नाहीस, तुला माहितेय म्हणून?"

"सांगितलं तर त्यांना वाटेल, आता ही नेणार. मी नेणार नाही, हेही सांगते दर रविवारी. त्यांच्यापर्यंत पोचतच नाही." काका सेक्रेटरीवर घसरले होते. "बोलू दे त्यांना. आवाज खणखणीत आहे ना, मग माझा आठवडा सुखात जातो. वहिनी, कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या तर बघाल का जरा?"

मी हो म्हटलं. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. आणि हा माणूस कानांचं सोंग घेऊन आमच्यात बसत होता, आणि वर सेक्रेटरीला बुंगोल-बुंगोल म्हणत होता!

बाहेर आले तर काकांनी रिसीव्हर ठेवला होता. कपाळावरचा घाम पुसत होते.

"झालं बोलणं?" मी विचारलं. दारातूनच, पण तोंड त्यांच्याकडे करून.

"झालं. पोरांच्या परीक्षा संपल्या म्हणे. मला ये म्हणून हट्टच धरून बसली होती, मी साफ नाही म्हटलं." मग माझ्या मागे स्वयंपाकघराकडे बघत त्यांनी कपाळाला आठी घातली. "पण सूनबाई, तुम्ही भांडी फार आपटता हो. तिचं निम्मं बोलणं नीट ऐकू येईना."

मी सकाळपासून एक चमचासुद्धा विसळला नव्हता. कट नुसता मंद आचेवर होता. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एकेक शब्द सावकाश, ओठ नीट उघडून म्हणाले, "चुकलं काका. पुढच्या रविवारी भांडी नाही आपटणार."