मुलीकडची मंडळी

सौंसरपासून लोधीखेड्यापर्यंत केशवरावांनी एकोणतीस सोयरिकी जुळवल्या होत्या आणि त्यातली एकही मोडली नाही, हे ते अनोळखी माणसालाही सांगत. त्यामुळे पांढुर्ण्याच्या पुतणीची, सुचिताची, परदेशातल्या लोकांशी व्हिडिओवर मुलाखत आहे म्हटल्यावर ते शकुंतलाकाकूंना घेऊन बोरगावहून पहिल्या बसने हजर झाले.

"माणसं परकी, पोरगी आपली, अन् प्रश्न ते इचारनार. म्हंजे पाहन्याचाच कार्यक्रम झाला. मी बसतो ना."

सुचिताला फेलोशिप हवी होती. आर्थिक विकास आणि लोकशाही शिकायला सहा आठवडे युरोपात जायचं होतं, जागा वीस, आणि मागच्या वर्षी ती याच मुलाखतीत गळाली होती. "काका, तुम्ही आतच थांबा," ती म्हणाली. केशवराव लगेच हो म्हणाले. तिथेच तिला शंका यायला हवी होती.

दुपारी चारला लॅपटॉपच्या पडद्यावर तिघं उगवली. मधल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घरात निर्णय कसे होतात?"

"चर्चा करून. सगळ्यांचं मत घेऊन," सुचिताने सांगितलं.

तेवढ्यात केशवराव टोपी सारखी करत आले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. मागोमाग शकुंतलाकाकूंनी लॅपटॉपसमोर पोह्यांच्या तीन बशा मांडल्या.

"काकू, ते कसे खातील?"

"खाओ नाही तं नको खाओ. मांडा लागते."

"सुचिता, इचार त्याइले," केशवरावांनी सुरुवात केली, "बाईच्या घरी कोन कोन असते?"

काका काय म्हणतात, असं बाईंनीच विचारलं. सुचिताने मान खाली घालून खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मी आणि एक मांजर.

केशवरावांचा चेहरा उतरला, पण ते थांबले नाहीत. "पोरीले राहाची खोली कशी आहे? भात भेटते का? आजारी पडली तं कोन पाहीन? अन् सहा हप्त्यानं घरी कोन आनून देते?"

सुचिता सांगत गेली, बाई लिहून घेत गेल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आम्ही आठवड्याभरात कळवू."

हे ऐकून केशवराव ताठ झाले. दर वेळी मुलीकडच्यांनीच का वाट पाहायची, हा त्यांचा जुना राग होता. "सांग त्याइले, आमीबी विचार करून कळवतो." सुचिताने तेही सांगताच त्यांनी स्वतःच्या हाताने लॅपटॉप मिटला.

सुचिता आत जाऊन पोटभर रडली. दुसरं वर्षही गेलं, असं धरून तिने काकांशी बोलणं टाकलं. पोहे केशवरावांनीच संपवले.

आठव्या दिवशी मेल आली. निवड झाली होती. खाली बाईंची एक ओळ होती: तुमच्या काकांनी विचार करून कळवतो म्हटलं होतं, आम्ही वाट पाहत आहोत.

सुचिताने रुसवा विसरून बोरगावला फोन लावला आणि एका दमात सगळं वाचून दाखवलं.

"आठ दिवसांत होकार?" केशवराव म्हणाले. "पोरी, लई घाई करून राह्यले. आधी त्या बाईची चौकशी करा लागते."