ऐकू येणाऱ्या कानाची गैरसोय

तक्रार खिडकीवरच्या कारकुनाच्या डाव्या कानाचा पडदा फाटला आहे, असे वार्षिक तपासणीत उघडकीस आले. तोवर त्या कानाची कोणतीही तक्रार नव्हती. तो दुखत नव्हता, वाहत नव्हता. साहेबांची बंद दाराआडची कुजबुजसुद्धा त्याला स्पष्ट ऐकू येत होती.

"बारीकसं भोक आहे," कानाचे डॉक्टर म्हणाले. "बहुतेक आपोआप भरेल. पाणी जाऊ देऊ नका, तेल-काडी घालू नका. तीन महिन्यांनी दाखवा."

"आणि औषध?"

"काही नाही. कानाच्या वाटेला जायचं नाही, एवढंच."

काही न करणे कचेरीच्या अंगवळणी पडलेले होते. मात्र तेही लेखी आदेशाशिवाय करण्याची तिथे पद्धत नव्हती. आस्थापनेच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात 'लक्षणे' हा रकाना रिकामा सोडायला मनाई होती.

"मला काही होतच नाही," कारकून म्हणाला.

"तसा पर्याय नाही. वेदना, चक्कर, बहिरेपणा. यातलं एक निवडा."

"पण बाई, तुमचं बोलणं मला ऐकू येतंय."

"ते तोंडी झालं."

वेदनेला रोजचा दाखला लागत होता. चक्कर येणाऱ्याला जिना चढायला बंदी होती आणि कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. त्याने निमूटपणे बहिरेपणावर खूण केली.

चौथ्या दिवशी आदेश निघाला: 'सदर कर्मचाऱ्याचे ऐकणे तीन महिने अग्राह्य धरावे.' खिडकी बंद ठेवणे नियमात बसत नव्हते. म्हणून लोक येत, बोलत. तो ऐके आणि नोंदवही कोरी राही.

त्याच आठवड्यात एक शिक्षिका आल्या. शाळेसमोरच्या गटाराचे झाकण गेले होते.

"मला ऐकू आलं, बाई," तो हळूच म्हणाला. "पण ते धरत नाहीत."

त्यांना ती थट्टा वाटली. त्या ताडताड निघून गेल्या. त्याला चैन पडेना. संध्याकाळी त्याने स्वतः जाऊन त्या गटारावर फळी टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून खुलासा मागवण्यात आला: बहिऱ्या कर्मचाऱ्यास झाकणाची माहिती कोठून मिळाली? फळी पुरावा म्हणून जप्त झाली.

पुढे तो घरीही गप्प राहू लागला. "ऐकू येतं, मग उत्तर का देत नाहीस?" बायको विचारी. सवय, एवढेच त्याला सुचे.

तीन महिन्यांनी पडदा भरला. दाखला घेऊन तो आनंदाने साहेबांकडे गेला. साहेबांनी भिंतीवरची नवी ढाल दाखवली. तिमाहीत एकही तक्रार न आल्याबद्दल ती मिळाली होती.

"आता तुम्ही बरे झालात," साहेब सौम्यपणे म्हणाले, "तर हिचं काय करायचं?"

तो दाखला खिशात ठेवून खिडकीवर परतला. समोर त्या शिक्षिका उभ्या होत्या.

"काल एक मुलगी पडली. पाय मोडलाय तिचा. आज तरी ऐकू येतंय का?"

त्याने एकदा साहेबांच्या दाराकडे पाहिले. मग हात कानामागे धरला.

"काय म्हणालात?"

बाईंनी पुन्हा सांगितले, अगदी मोठ्याने. रांगेत त्यांच्या मागे आपण होतो. आपले दोन्ही पडदे शाबूत होते.

"आटपा हो बाई," आपण म्हणालो, "आम्हालाही कामं आहेत."