गाडीचं तोंड काळं

घरच्या घरी गाडी रंगवणं म्हणजे माझ्या हातचा मळ! असं मी रविवारी सकाळी वरठीतल्या आमच्या अंगणात उभं राहून जाहीर केलं. ऐकायला शेजारची बकरी होती. तिने विरोध केला नाही.

त्या दिवशी बपेऱ्याहून भावनाच्या घरचे येणार होते. मला भावना पसंत, तिला मी पसंत (तिच्या भाषेत 'चालते'), फक्त साक्षगंधाची तारीख काढायची बाकी. आणि दारात आमची पांढरी गाडी समोरची क्रोमची जाळी चमकवत उभी, जणू नवीन कवळी बसवलेला म्हातारा फोटोसाठी हसतोय! तरण्या पोराची गाडी अशी दिसते का? म्हणून मी रबराचा स्प्रे मागवला होता. मारला की काळाकुट्ट थर बसतो. नाही आवडला तर केळ्यासारखा सोलून काढा. इतकी सोय लग्नातसुद्धा नसते.

काच, बोनेट, दिवे, नंबरप्लेट, सगळं जुन्या पेपरांनी आणि चिकटपट्टीने झाकलं. झाकायचं राहिलं ते माझं तोंड. पहिला फवारा मारला आणि वारा फिरला. अर्धा रंग जाळीवर, अर्धा माझ्यावर! मी जागा बदलली. वाऱ्यानेही बदलली.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. माझे बाबा, म्हणजे मधुकरराव, ही गाडी इतकी जपतात की रस्त्यात खड्डा आला तर आधी स्वतः उतरतात.

"चंद्या! हे काय करून राहिला बे?"

"फॅशन आहे, बाबा. पाहिजे तेव्हा निघते हे."

"निघते, तं लावलं काहून?"

मी डबा खडखडवून आणखी एक फवारा मारला.

बाबांना संताप आला की ते तुमसरला केशरआत्याला फोन लावतात. हे लग्न जुळवणारी मध्यस्थ हीच. बाबा फोनवर अशा आवाजात बोलतात की फोन नसता तरी तुमसरला ऐकू गेलं असतं. वर स्पीकर चालू.

"केशर! चंद्यानं तिचं तोंड काळं केलं वं!"

"मायबाई! कोणाचं, दादा?"

"अवं, घरात एकच तं आहे! पांढरीशुभ्र होती बिचारी. किती जपली होती मी! आता चारचौघांत नेऊ कशी?"

"कधी केलं?"

"आत्ताच! भर अंगणात! वरून म्हणते, फॅशन आहे!"

"अरे देवा! आता काय करता?"

"काय करतो! सोलून काढतो!"

"बाबा, गाडीचं म्हणा, गाडीचं!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण एव्हाना माझ्या ओठांवर रबर सुकलं होतं. तोंडातून नुसतं 'गागीगं, गागीगं' निघालं. फोन बंद झाला.

मी ओठ सोडवून आत्याला फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज! आमची आत्या बातमी सांगत नाही, पाणी सोडावं तशी सोडते, आणि आता ते पाणी बपेऱ्याच्या दिशेने धावत होतं. निदान पाहुणे यायच्या आत जाळी तरी साफ करावी म्हणून मी रंग सोलायला बसलो. एकाच डब्यात गाडीच्या बाजूच्या पट्ट्याही रंगवून व्हाव्यात म्हणून मी पातळ हात मारले होते. पातळ थर सलग सोलून निघत नाही, हे डब्यावर मुंगीच्या अक्षरांत लिहिलं होतं. माझ्या हातात येत होता तो फक्त कोंडा.

जेवणाच्या वेळेला येणारे पाहुणे सकाळच्या चहालाच आले. जीपमधून आधी भावनाचे वडील गोमाजी उतरले. मिठाईचा डबा नाही, चेहऱ्यावर हसू नाही. मागून तिची आजी शकुनबाई, मग रडत रडत केशरआत्या, शेवटी भावना.

"कुठं आहे ती?" गोमाजींनी दारातूनच विचारलं.

"ही काय, उभी आहे," बाबा म्हणाले.

गोमाजींनी गाडीच्या मागे पाहिलं, गाडीच्या खाली पाहिलं. "कुठं जी?"

"अजी, डोळ्यांसमोर तं आहे!"

"मधुकरराव, थट्टा नका करू! जिचं तोंड तुमच्या पोरानं काळं केलं, ते पोरगी कुठं आहे?"

"पोरगी?" बाबांनी बोनेटवर थाप मारली. "कोणती पोरगी? गाडी आहे हे!"

सगळे गाडीकडे पाहायला लागले. मग माझ्याकडे. दोघांचीही तोंडं काळी! शकुनबाई पुढे आल्या, माझ्या गालावरचा थर नखात धरला आणि ओढला. गालावरचा पातळ होता तरी निघाला. सोबत डावी मिशीही निघाली.

"गाडीचं तं समजलं," गोमाजी काही केल्या मऊ होईनात. "पण साऱ्या गावात बोभाटा झाला नं! उद्या लोक म्हणतीन, गाडीचा बहाणा होता, आतमंदी दुसरंच होतं. आता तारीख कोणत्या तोंडानं काढू? चला, बसा जीपमंदी."

आत्याचं रडणं एक पट्टी वर गेलं. आणि इतका वेळ ओढणीत तोंड खुपसून उभी असलेली भावना पहिल्यांदा बोलली.

"बाबा, म्या तं घरीच सांगितलं होतं. याच्यासंगं कोण पोरगी तोंड काळं करीन?"

सगळ्यांनी मला वरून खालपर्यंत नीट पाहिलं. एका बाजूची मिशी, कानांवर रबर, केसांत पेपरचा तुकडा.

"हे बी खरं आहे," गोमाजी म्हणाले.

"मले बी पटते," बाबा म्हणाले.

आत्याने डोळे पुसले. "अवं हो! हे माह्या ध्यानातच नाही आलं!"

शकुनबाई हसत हसत ओट्यावर बसल्या.

तारीख तिथल्या तिथे काढली. एकमताने! माझ्या चारित्र्याची इतकी खात्री मला स्वतःलाही कधी नव्हती. ती कशावरून पटली, असं कोणी विचारलं तर मात्र मी विषय बदलतो.