शेणकिड्यांच्या मंडळाला मान्यता मिळते

एका जंगलात, मुलांनो, शेणाची कधीच टंचाई नव्हती. हत्ती होते, गवे होते, आणि सगळ्यांची पोटं साफ होती. नाकं मुरडू नका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

या जंगलाच्या शाळेत शेणकिड्यांची मुलं एक मंडळ चालवत. काम एकच. ताजं शेण हुडकायचं, त्याचा गोळा वळायचा, मागच्या पायांनी ढकलत न्यायचा आणि मातीत पुरायचा. त्या गोळ्यात मादी अंडं घालते. पिल्लू तो गोळाच खाऊन मोठं होतं. गोळा नाही तर पिल्लू नाही. शिवाय जंगलातल्या वाटा स्वच्छ राहत, पण ते अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मंडळाची अध्यक्ष होती गोदा. शेवटच्या वर्षाला होती. तिच्याइतका गोल गोळा अख्ख्या शाळेत कुणाला जमत नसे.

शाळेत मोरांचं नृत्य मंडळ होतं, पोपटांचं पाठांतर मंडळ होतं. दोन्ही मान्यताप्राप्त. स्नेहसंमेलनात त्यांना पुढच्या रांगेत जागा आणि बोरांचं सरबत. शेणकिड्यांना फाटकाबाहेर उभं करत. का म्हणून विचारलं तर शिपाई म्हणे, "तुमचं मंडळ कागदावर कुठंय?"

गोदाला याचं फार वाईट वाटे. शेवटी तिने अर्ज केला.

कौशल्य खात्याचे अधिकारी होते साळिंदरसाहेब. जंगलात सर्वांत जास्त लेखण्या त्यांच्याच अंगावर होत्या, तीच पात्रता पाहून त्यांना नेमलं होतं. साहेब मनाने चांगले होते. अर्ज वाचून त्यांनी लगेच गोदाला बोलावून घेतलं.

"इतकं मोलाचं काम, आणि तुम्हाला अनुदान नाही?"

"अनुदान म्हणजे काय, साहेब?"

"कच्चा माल शासन देईल."

"पण तो तर वाटेवर पडलेलाच असतो."

"आणि तुम्ही तो उचलता? मंजुरीशिवाय?" साहेबांचे काटे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. जंगलातलं सर्व शेण आता अनुदान आहे, मंजुरी मिळेपर्यंत कुणीही हात लावू नये. प्रत्येक ढिगाशेजारी एक तरस पहाऱ्याला बसला. मोर आणि पोपट येऊन गोदाचं अभिनंदन करून गेले.

कमळा हत्तीण तिला वाटेत भेटली.

"अगं पोरी, ताजं हाय बघ. ने की."

"नाही नेता येत, आजी. ते आता अनुदान आहे."

"आन् मी काय हाय?"

"तुम्ही पुरवठादार."

पहाऱ्यावरच्या तरसाने आजींना समजावलं की यापुढे आठ दिवस आधी लेखी कळवावं लागेल. आजींनी प्रयत्न केला, पण जमलं नाही.

अंडी घालायचा पंधरवडा सुरू झाला. तो वर्षातून एकदाच येतो आणि त्याला मुदतवाढ नसते. गोदा रोज कार्यालयात जाऊन बसू लागली. एक दिवस गोळ्याचा नकाशा मागितला. एक दिवस 'गोल' म्हणजे नेमकं काय, ते लिहून आणायला सांगितलं. मग पाहणी समिती आली. समितीतल्या मोराला वास सोसेना, म्हणून शेण उन्हात वाळवून मगच मोजायचं ठरलं.

"साहेब, वाळलं की त्याचा गोळा वळत नाही."

"पण मोजायला किती सोपं जातं!"

"साहेब, माझं अंडं उद्याच्या पुढे थांबणार नाही."

साहेबांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यांनी फायलीवर 'तातडीचे' असा शेरा मारला आणि ती तातडीच्या गठ्ठ्यात ठेवली. हा गठ्ठा साध्या फायलींच्या गठ्ठ्यापेक्षा उंच होता.

तरीही दुसऱ्याच दिवशी मान्यता मिळाली. शासन इतकं वाईट नसतं, मुलांनो. स्नेहसंमेलनात गोदा पुढच्या रांगेत बसली. सरबत प्यायली. तिला पळसाच्या पानावरचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर सिंहाच्या पंजाचा शिक्का. व्यासपीठाशेजारी विटांसारखं रचलेलं, कडक वाळलेलं अनुदान होतं. वाटेवरचं ताजं शेण पुढच्या वर्षीच्या अनुदानात धरलेलं होतं, त्यामुळे तिथले तरस हलले नव्हते. टाळ्या बराच वेळ चालल्या. शेणकिड्यांनीही वाजवल्या, कारण त्यांना खरंच आनंद झाला होता.

कार्यक्रम संपल्यावर गोदाने त्या अनुदानाशी झटापट केली. त्याचा भुगा झाला. मग तिने प्रमाणपत्र जमिनीवर पसरलं आणि ते वळायला लागली. पाय सरावाचे होते. गोळा सुंदर झाला. त्यात तिने अंडं घातलं, गोळा पुरला आणि शेजारी बसून राहिली. इतरांकडे तर प्रमाणपत्रही नव्हतं.

पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. चार दिवस जगलं. पानात खाण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी मंडळात एकही विद्यार्थी आला नाही. मान्यता पाच वर्षांची असल्यामुळे मंडळ चालूच राहिलं. साळिंदरसाहेबांनी अहवालात लिहिलं की या मंडळाकडून खात्याकडे एकही तक्रार आलेली नाही.

तात्पर्य : मुलांनो, पिल्लू चार दिवस टिकतं आणि मान्यता पाच वर्षं. शहाण्याने नेहमी टिकाऊ वस्तूचीच काळजी घ्यावी.